दहा दिवस फळीवर

१२ जानेवारी

प्रिय आत्या,

आधी 'तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार' असं लिहिलं होतं. मग वाटलं तू म्हणशील, हिला अजून वाकता तरी येतं का? म्हणून खोडलं.

चार महिने पत्र नाही, हे कबूल. फोनचा उपयोग नाही, हेही आता कबूल. मागच्या वेळी मी "तब्येत कशी आहे" विचारलं आणि तू म्हणालीस, "हो, दार लावलंय." कारखान्यातल्या मशिनांनी तुझे कान खाल्ले ते खाल्लेच. तेव्हा यापुढे पत्रं. मोठ्या अक्षरात लिहिते, म्हणजे 'डॉक्टरांसारखं गिचमिड' ही तुझी तक्रार नको.

नव्या नोकरीत मी काय करते ते तुला सांगायचं टाळत होते. आत्या, मी भिंगं बनवते. आणि माझी भिंगं सपाट असतात.

घे, हसून घे. झालं? आता ऐक. तुझं भिंग मध्ये जाड, कडेला पातळ. मधल्या जाड काचेतून प्रकाश जरा रेंगाळतो, कडेने लवकर सटकतो, आणि म्हणून सगळे किरण एका ठिकाणी गोळा होतात. हे तूच मला दुसरीत शिकवलंस. आम्ही काच सपाटच ठेवतो आणि तिच्यावर खांब उभे करतो. इतके बारीक की केसाच्या जाडीत दोनशे ओळीने मावतील. जाड खांबातून प्रकाश रेंगाळतो, बारीक खांबातून सटकतो. कुठे केवढा जाड खांब हे नीट आखलं की सपाट काच भिंगासारखी वागते. अख्खं भिंग खसखशीच्या दाण्याएवढं आणि त्याच्यावर तीस लाख खांब. हे खांब इलेक्ट्रॉनच्या किरणाने आखायचे, मग खोदून काढायचे. त्या खोलीत शिरताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालावा लागतो. नुसते डोळे उघडे. धुळीचा एक कण पडला तर आमच्या दृष्टीने डोंगर कोसळतो.

हे सगळं कशासाठी, तर मुलांच्या दवाखान्यातले एक डॉक्टर वर्षभर आमच्या मागे लागलेत. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांची श्वासनळी काडीएवढी असते. श्वास अडतोय कुठे ते आत जाऊन बघायला नळी घालावी, तर सगळ्यात बारीक नळीसुद्धा जाड पडते, किंवा चित्र इतकं पुसट की अंदाजच करावा लागतो. आमचं भिंग बसवलं तर नळी निम्म्याने बारीक होईल आणि दिसेलही नीट.

तू जन्मभर जे गोल घासलंस ते मी सपाट करत बसलेय. राग आला असेल तर तसं लिही. रागाच्या भरात तुझं पत्र जरा लांब होतं.

तुझी,
मुंगी


२७ जानेवारी

मुंगे,

राग कसला? एक्केचाळीस वर्षं घासून माझे खांदे सपाट झाले, आता भिंगं सपाट झाली तर काय बिघडलं! जिच्या हातात भिंग दिलं की ती भिंतीवरच्या मुंग्यांच्या मागे घरभर फिरायची, ती याहून मोठं काही करेल अशी मला आशा नव्हतीच.

पण दोन गोष्टी विचारते. खांब मोजतं कोण? आणि एवढं पातळ भिंग नळीत बसवताना धरता कशाने? माझ्या अनुभवात, भिंग बनवताना जितकी बिघडतात त्याच्या दुप्पट धरताना बिघडतात. तू खांबांचं सगळं लिहिलंस, धरण्याचं एक अक्षर नाही.

इकडे सगळं नेहमीसारखं. कारखान्यात काम भरपूर. मायक्रोस्कोपच्या भिंगांची मोठी मागणी आलीय आणि धाकटे मालक सगळ्यांच्या मानेवर बसलेत. घराची खिडकी रंगवायची राहिलीय. तुझा बाप फोन करतो, मी काहीतरी उत्तर देते, तो समाधानी होतो.

ओळी तिरक्या गेल्यात, टेबल हलतंय. पायाखाली पुठ्ठा घालायला हवा.

जेवत जा. नुसते डोळे उघडे ठेवून पोट भरत नाही.

आत्या


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

खांब मोजत नाही, फोटो काढतो. साध्या प्रकाशात ते दिसतच नाहीत, म्हणून इलेक्ट्रॉनच्या मायक्रोस्कोपखाली. सोबत एक फोटो पाठवतेय. वीस हजार पट मोठा केलाय. मुद्दाम काहीच लिहीत नाही. तू बघ आणि काय वाटतं ते सांग. इथे चौदा जणांनी बघितलाय, पण तुझ्याइतकं कडक बघणारं इथे कोणी नाही.

भिंग धरतो गोंदाने. नळीच्या तोंडाशी बारीक कडं असतं, त्याला गोंदाची गोल रेघ आणि वर भिंग. निळा दिवा दाखवला की अर्ध्या मिनिटात पक्कं. त्यात काही बिघडण्यासारखं नाही.

फोटोबद्दल लवकर लिही. वाट बघतेय.

मुंगी


४ मार्च

मुंगे,

फोटो मिळाला. खिडकीशी नेऊन निवांत बघितला. काय खांब उभे केलेस गं! सगळे ताठ, ओळीत, शाळेच्या मैदानात कवायतीला उभ्या राहिलेल्या पोरींसारखे. कुठे बोट ठेवायला जागा नाही. मी तुझ्या वयाची असताना मला असं काम जमत नव्हतं, हे लिहून देते.

शाबास. बापालाही दाखव.

कारखान्यात गडबड आहे म्हणून थोडक्यात आटपते.

आत्या


१० मार्च

आत्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं.

तो फोटो आमच्या आजवरच्या सगळ्यात वाईट भिंगाचा होता. खांब खोदून झाल्यावर काच धुतात. पाणी सुकताना शेजारशेजारच्या खांबांना एकमेकांकडे ओढतं. त्या दिवशी निम्मे खांब आडवे झाले होते आणि उरलेले एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून पडले होते. मला वाटलं तू लिहिशील, "गधडे, हे खांब आहेत की लांबच्या गाडीतले झोपलेले प्रवासी?" मी इथे सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आत्याचं उत्तर आलं की वाचून दाखवते.

आठवीत मी काढलेला घोडा बघून, हे टेबल आहे का, असं तू माझ्या तोंडावर विचारलं होतंस. मी रडले, पण नंतर घोडा शिकले. आई-बाबांच्या बदल्या चालू होत्या, म्हणून मी शाळेची आठ वर्षं तुझ्याकडे राहिले. त्या आठ वर्षांत तू माझं खोटं कौतुक एकदाही केलं नाहीस. घरात, शाळेत, इथे, सगळीकडे लोक गोड बोलतात. तू बोलत नाहीस म्हणून तर तुझ्या 'ठीक आहे'ला किंमत.

फोटो नीट बघायलाही तुला वेळ नव्हता का? तसं असेल तर तसं लिहायचं होतंस.

मुंगी


२१ एप्रिल

मुंगे,

या पत्राला सहा आठवडे लागले. रुसले होते म्हणून नाही. तुझं म्हणणं खरं होतं आणि खऱ्याला उत्तर द्यायचं तर खरंच द्यावं लागतं, त्याची तयारी होत नव्हती.

मला तो फोटो दिसला नाही. करड्या रंगाचा कागद दिसला. खिडकीशी नेला, गच्चीत उन्हात नेला, माझं मोठं भिंग लावलं. करड्यावर करडं. तुझी पत्रं तू मोठ्या अक्षरात लिहितेस म्हणून एकेक शब्द करत दुपारभरात वाचून होतात. फोटोला अक्षरं नसतात. मग मला वाटलं, माझ्या मुंगीने उभे केलेत म्हणजे ताठच असणार. आणि ते मी लिहिलं.

टेबल हलत नाही. पुठ्ठ्यात ओळीएवढी खाच कापलीय, ती कागदावर ठेवून लिहिते, तरी हात भरकटतो.

कारखान्यातही मी जात नाही. डिसेंबरपासून घरी आहे. काम भरपूर आहे हे खरं होतं, ते मी करतेय असं मी कुठे लिहिलं होतं? (ही पळवाट आहे, मला माहीत आहे.) कसं झालं ते सांगते. पलीकडच्या टेबलावरची बाई तुला आठवते ना, तुला खडू द्यायची ती? तीस वर्षं आम्ही शेजारी बसलो. काच नमुन्यावर ठेवली की रंगीत वलयं दिसतात, ती सरळ की वाकडी यावर पास-नापास. मी वर्षभर ती वलयं अंदाजाने बघत होते. एक दिवस मी चहाला उठले आणि चष्मा विसरला म्हणून परत आले, तर ती माझ्या पास केलेल्या ट्रेमधून भिंगं काढून स्वतःच्या ट्रेमध्ये टाकत होती. मला बघून घाबरली. म्हणाली, "ताई, चारच होती हो. नेहमी चारपाचच असतात." नेहमी! म्हणजे कित्येक महिने ती माझी खराब भिंगं गुपचूप परत घासत होती आणि मी पगार घेऊन ताठ मानेने घरी येत होते. दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली मालकांना दिली आणि गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

डॉक्टरकडे गेले नाही. तुझ्या आजीचं आठवतं ना? तिच्या डोळ्यांचा पडदाच गेला होता. पहिल्यांदा अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे. शेवटची सहा वर्षं ती मला आवाजावरून ओळखायची. डॉक्टरने नाव सांगेपर्यंत माझं दुखणं दुखणं नसतं, अशी मी सोय करून घेतली होती. मला तर आवाजही ऐकू येत नाही, गं. मी कुणाला कशावरून ओळखणार?

हे तुझ्या बापाला सांगू नकोस.

आत्या


२४ एप्रिल

आत्या,

शनिवारी सकाळी येतेय. मंगळवारी आपण डोळ्यांच्या दवाखान्यात जाणार आहोत, वेळ घेऊन झालीय. नाही म्हणायचं असेल तर मला तोंडावर म्हण, पत्रातून चालणार नाही.

बाबांना सांगितलं नाही. पण तू सांगणार आहेस.

आणि त्या पत्राबद्दल मला माफ कर. ओळी तिरक्या मला दिसत होत्या, पण मी तुझ्या टेबलाला दोष दिला. बारीक बघायचा पगार घेते मी!

मुंगी


३० मे

मुंगे,

तू गेल्यावर घर दोन दिवस फार मोठं वाटलं.

डॉक्टरांनी तुला जे सांगितलं ते मी तुझ्या चेहऱ्यावरून आधीच समजून घ्यायचा प्रयत्न करत होते, पण चेहराच नीट दिसत नव्हता, तेव्हा धीर धरावा लागला. मग तू माझ्या तळहातावर बोटाने 'मोतीबिंदू' लिहिलंस. भर दवाखान्यात एवढ्या मोठ्याने हसले की नर्स धावत आली. वर्षभर मी ज्याला घाबरून खिडकीशी बसले, ते शेजारच्या गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला होतं ते निघालं! उजव्या डोळ्यातला काढण्याजोगा पिकलाय. डाव्याच्या मागे पडद्यालाही थोडी इजा आहे, तो पूर्ण सुधारणार नाही, हेही त्यांनी सरळ सांगितलं. असू दे. एका डोळ्याने आयुष्यभर वलयं बघितली, दुसरा तर मिटलेलाच असायचा.

काल ऑपरेशन ठरवायला गेले. डॉक्टर माझ्या कानाशी ओरडून म्हणाले, आतलं गढूळ भिंग काढून नवीन बसवू. मी विचारलं, "ते तपासलं कुणी?" म्हणाले, "मशीन तपासतं, आजी." मी म्हटलं, "आणि मशीनला?" ते म्हणाले, "आजी, तुम्ही काय काम करत होता?" सांगितल्यावर त्यांनी कपाटातून एक भिंग काढून माझ्या बोटांत दिलं. दिसलं तर काही नाही, पण कडेवरून बोट फिरवलं. कड चांगली आहे. मी होकार दिला.

तुझ्या बापाला सांगितलं. तो रडला, असं तुझी आई म्हणाली. मला फोनवर 'दार लाव' असं ऐकू आलं.

तुझ्या कामाचं काही बोलली नाहीस चार दिवसांत. तू बोलत नाहीस तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं.

आत्या


११ जून

प्रिय आत्या,

बिनसलंय खरं.

खांब आता नीट उभे राहतात. धुतल्यावर सुकवायची वेगळी पद्धत सापडली, ज्यात पाण्याला ओढाताण करायला वावच मिळत नाही. वीस नळ्या तयार झाल्या, वीसच्या वीस तपासणीत पास. डॉक्टरांना द्यायची तारीख बावीस जून.

त्यातल्या तीन नळ्या सगळ्यात आधीच्या, मी तुझ्याकडे आले तेव्हापासून माझ्या टेबलावरच पडलेल्या; बाकीच्या सतरा गेल्या आठवड्यातच जुळवल्या. त्याच सुमारास त्या तिघींतल्या एकीतून सहज म्हणून बघितलं. ठिपक्याला शेपटी! प्रत्येक उजेडाच्या ठिपक्याला एका बाजूला फिकट शेपूट. दुसरीतही तेच. तिसरी ठीक. मी प्रमुख बाईंना दाखवलं. त्या वाईट नाहीत, आत्या, उलट फार समजूतदार आहेत, पण दवाखान्याची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकललेली आहे. म्हणाल्या, "कुणीतरी त्या पाडल्या असतील. बाकीच्या सतरा पास झाल्यात. अहवालावर तू सही कर, म्हणजे पाठवता येतील."

सही केली नाही. नाही असंही म्हटलं नाही. "बघते" म्हणाले.

आम्ही आठ दिवस खांबच तपासतोय. एकही खांब हललेला नाही.

तुझं ऑपरेशन उद्या. मी यायला हवं होतं. आई आहे म्हणून निर्धास्त आहे, असं लिहितेय, पण निर्धास्त नाही.

मुंगी


१६ जून

मुंगे,

तुझ्या आईला सांगून लिहून घेतेय. उजव्या डोळ्यावर अजून प्लास्टिकची टोपी आहे आणि वाकायला बंदी. ऑपरेशन झालं, मी जिवंत आहे, डॉक्टर हुशार आहेत. उरलेलं नंतर. तुझं पत्र तुझ्या आईने कानात ओरडून वाचलं, आता सगळ्या इमारतीला तुझी शेपटी माहीत झालीय.

खांबांच्या मागे लागू नका. शेपटी म्हणजे भिंग तिरकं झालं. जे बनवता येतं तेच तपासायची माणसाला खोड असते, मलाही होती. मी तुला जानेवारीत विचारलं होतं, धरता कशाने. गोंद दिव्याखाली अर्ध्या मिनिटात पक्का होतो म्हणतेस. वरून पक्का होत असेल. आतून तो पुढे कितीतरी दिवस आवळत राहतो, आणि रेघ ज्या बाजूला जाड पडली त्या बाजूला जास्त आवळतो. आमच्याकडे दोन भिंगं एकमेकांना चिकटवली की दहा दिवस फळीवर ठेवतो. दहा दिवस कुणी हात लावायचा नाही, मालकानेसुद्धा. अकराव्या दिवशी बघायचं. पहिल्या दिवशी सगळीच चांगली दिसतात.

सतरा नळ्या फळीवर ठेव. सही करायची की नाही ते अकराव्या दिवशी ठरव.

वहिनी म्हणतेय, पुरे आता. (मी लिहिलंय हे, ताईंनी सांगितलं नव्हतं. त्यांना अजून बोलायचंय, पण विश्रांती हवी. काळजी करू नकोस. आई.)


४ जुलै

प्रिय आत्या,

तुझं पत्र घेऊन मी सरळ प्रमुख बाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, "मला दहा दिवस हवेत."

"कशासाठी?"

"नळ्या फळीवर ठेवायला."

"आणि त्या दहा दिवसांत तू काय करणार?"

"काही नाही. हात लावायचा नाही, एवढंच."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता घरी पाठवतात. मग म्हणाल्या, "हे कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "माझ्या आत्याने. एक्केचाळीस वर्षं भिंगं घासलीत." त्यांनी पत्र मागितलं, वाचलं आणि शेपटी सगळ्या इमारतीला माहीत झाली तिथे हसल्या. पण तारीख सोडायला तयार होईनात. म्हणाल्या, "नळ्या आज जायला हव्यात. तपासून देणाऱ्याची सही लागते, बस."

तेव्हा मी म्हटलं, "मग ती सही माझी नसेल, बाई. ही नळी कुणाच्या तरी पाच दिवसांच्या बाळात जाणार. तिथे शेपटी आली तर डॉक्टरांना ती शेपटी वाटणार नाही, त्यांना ते बाळाचं दुखणं वाटेल." माझा आवाज कापत होता. तू असतीस तर म्हणाली असतीस, उभी तरी सरळ राहा.

त्यांनी अहवाल बाजूला सारला. मग फोन उचलला आणि माझ्यासमोरच डॉक्टरांना सांगितलं की उशीर होतोय आणि किती होईल ते आत्ता सांगता येणार नाही.

अकराव्या दिवशी आम्ही सगळे जमलो. सतरापैकी चौदांना शेपटी. एकेक नळी बघून झाली की बाई फक्त "पुढची" म्हणत होत्या. शेवटच्या नळीनंतर त्यांनी मला विचारलं, "तुझ्या आत्या पत्राचं उत्तर देतात का सगळ्यांना?"

आता गोंद बदलतोय. तुझ्या गोल रेघेच्या भीतीने मी नुसते तीन ठिपके लावून बघितले, तर भिंग तीन बाजूंनी ताणलं गेलं आणि ठिपका पिंपळपानासारखा टोकदार झाला! मऊ राहणारा, रबरासारखा गोंद शोधतोय. तो किती का आवळेना, भिंगाला ओढण्याइतकी ताकद त्याच्यात नसावी.

डोळा कसा आहे? टोपी निघाली का? काय दिसतं? सगळं लिही.

मुंगी


१९ जुलै

मुंगे,

टोपी निघाली. पहिलं काय दिसलं ते सांगू? भिंत. मला वाटत होतं ती मळकट झालीय, रंग द्यायला हवा. ती पांढरी स्वच्छ आहे. मळ माझ्या डोळ्यात होता. मग माझे हात बघितले. हे मात्र कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. हे म्हातारीचे हात माझ्या मनगटांना कधी लावले?

निळा रंग फार निळा दिसतो. भिंग चांगलं आहे. कडेला उजेडात किंचित चमक येते, ते मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, बिचाऱ्यांनी.

पलीकडच्या टेबलावरची बाई भेटायला आली होती. सात महिने ती घाबरून आली नव्हती, की मी रागावले असेन. मी तिला म्हटलं, "रागावले होतेच. तू मला सांगायला हवं होतंस." ती म्हणाली, "कसं सांगू ताई? तुम्हीच मला काम शिकवलंत." मग आम्ही दोघी रडलो आणि नंतर मालकांची यथेच्छ निंदा केली. बरं वाटलं.

तुझं पत्र वाचून मला एक कळलं. तुला बाईंसमोर उभं राहून 'नाही' म्हणता आलं. माझ्या शेजारणीला ते मला म्हणता आलं नाही आणि मला स्वतःला म्हणता आलं नाही. तुझा आवाज कापला म्हणतेस. कापू दे की.

मऊ गोंद मिळाला तरी दहा दिवस ठेवायचेच. तुझ्या बाईंना सांग, उत्तर देते, पण अक्षर मोठं काढायचं.

आत्या


८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मध्ये सगळी घाईघाईची चार ओळींची पत्रं झाली, आज सविस्तर.

मऊ गोंदाच्या तीस नळ्या ऑक्टोबरात फळीवर ठेवल्या. अकराव्या दिवशी तीसच्या तीस बिनशेपटीच्या, महिन्यानंतरही तीस. मग दवाखान्याच्या समितीच्या परवानग्या, खोट्या रबरी श्वासनळ्यांवर सराव, कागदच कागद. आणि काल पहिल्यांदा खरं बाळ.

मला खोलीच्या कोपऱ्यात उभं राहायची परवानगी होती. मुलगी तीन आठवड्यांची, दोन महिने आधी जन्मलेली. माझ्या तळहातापासून कोपरापर्यंत मावली असती. श्वास घेताना तिच्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज यायचा, मध्येच ती निळी पडायची, आणि कुठे अडतंय ते कुणाला कळत नव्हतं. दुसरा रस्ता एकच होता, गळ्याला छेद द्यायचा.

डॉक्टरांनी नळी आत घातली. पडद्यावर गुलाबी बोगदा दिसला. इतका स्पष्ट, आत्या, की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या मोजता आल्या असत्या. नळी थोडी पुढे गेली आणि डॉक्टर एकदम थांबले. एका बाजूला पाण्याने भरलेला छोटासा फोड होता, तांदळाच्या दाण्याच्या निम्मा. दर श्वासाला तो आत ओढला जायचा आणि वाट बंद करायचा. डॉक्टर म्हणाले, "एवढंच?" मग स्वतःशीच पुन्हा म्हणाले, "एवढंच होतं."

फोड तिथल्या तिथे फोडला. छेद नाही, टाके नाहीत. शिट्टी थांबली. खोलीत इतकी शांतता झाली की सगळ्यांनी आधी मशीनकडे बघितलं. मग ती रडली. घसा मोकळा झाल्यावर काय रडली! तिची आई बाहेर बाकावर होती, ती दार ढकलून आतच आली. तिने मुलीचा एवढा मोठा आवाज आधी कधी ऐकलाच नव्हता.

प्रमुख बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझा हात धरला तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही. जिन्यात म्हणाल्या, "त्या सतरा नळ्या मी पाठवल्या असत्या तर..."

मला सुट्टी मिळालीय, आठवडाभर. येऊ का?

मुंगी


१५ फेब्रुवारी

मुंगे,

येऊ का, असं विचारतेस? शाळेत घातलं त्याचा काही उपयोग नाही झालेला.

तुझं पत्र मी स्वतः वाचलं, एका बैठकीत, पुठ्ठ्याशिवाय, मोठ्या भिंगाशिवाय. 'मग ती रडली' इथे आले आणि थांबले. उठून पाणी प्यायले, पुन्हा तिथूनच वाचलं. मग कारखान्यात नेलं. आठवड्यातून दोन सकाळी मी जाते आता. तपासत नाही, पास-नापास सगळं पलीकडच्या टेबलावरच्या बाईच्या हातात. नव्यांना काच धरायला शिकवते फक्त. पत्र वाचायचं म्हणून मशीनं बंद करायला लावली. मालक आले ओरडत, काम का थांबलंय म्हणून, आणि ऐकत उभे राहिले. शेवटी नाक शिंकरून म्हणाले, सर्दी झालीय.

त्या बाळाला मी कधी बघणार नाही. पण काल बाजारातून येताना कुणाचं तरी पोर कडेवर भोकाड पसरून रडत होतं, तर मी उगाच त्याच्या आईला म्हटलं, "रडू दे, छान रडतंय." ती बाई माझ्याकडे बघतच राहिली.

शनिवारच्या गाडीने ये. तुझा बाप आणि आई रविवारी येतायत. खोली झाडलीय, गादीला ऊन दाखवलंय. मी फलाटावर येईन. गर्दीत हात हलवू नकोस, हाका मारू नकोस, मला शोधत धावत तर मुळीच येऊ नकोस. डब्यातून उतर आणि सामान खाली ठेवून जागच्या जागी उभी राहा.

मी बघते.

आत्या